विनाशुल्क शाळेची किंमत

(अश्विन पौर्णिमेस, वर्षावासाच्या समाप्तीच्या प्रसंगी, पाथर्डी तालुक्यातील एका विहारात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज वर्षावास समाप्त होत आहे. तीन महिने एका ठिकाणी राहिलेला भिक्खुसंघ उद्यापासून चारिकेस मोकळा होईल. आपल्या तालुक्यातही याच सुमारास एक मोठी चारिका सुरू होते, परंतु ती पोटासाठी असते. दसरा उलटला की मुकादमांचे ट्रक व ट्रॅक्टर वाड्यावस्त्यांवर येऊन उभे राहतात आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील जोडपी कोयते, भांडी, शेरडे व लेकरे घेऊन ऊसतोडीस निघतात. त्यांत वंजारी आहेत, मराठे आहेत, मातंग आहेत आणि आपणही आहोत. या सभेत बसलेल्या कित्येक कुटुंबांनी उचल घेतलेली आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून आज मी निब्बाणावर न बोलता हिशोबावर बोलणार आहे. विहारात हिशोबाचे बोलणे काहींना अप्रशस्त वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा. भगवान बुद्धांनीही हिशोब वर्ज्य मानलेला नाही, हे मी पुढे दाखवीन.

मी आयुष्यभर प्राथमिक शिक्षक होतो. माझ्या वर्गात चौथीला एक मुलगी होती. तोंडी गणितात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. परंतु कार्तिक लागला की ती नाहीशी होई व चैत्रात परत येई. परत आली म्हणजे मागे बसे, आणि हळूहळू तिने उत्तरे देणे सोडून दिले. एके वर्षी मी ठरविले की यंदा हिला जाऊ द्यावयाचे नाही. मी तिच्या वडिलांकडे गेलो. माणूस आपल्यापैकीच, नुकतीच दीक्षा घेतलेला; घरात बाबासाहेबांची तसबीर. मी त्यास अर्धा तास उपदेश केला. बाबासाहेब किती शिकले, आपण मात्र लेकरांना उसाच्या फडात कसे नेतो, असे सारे बोललो. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "गुरुजी, बसा. तुम्ही शाळेत हिशेब शिकविता, मंग ह्यो येक सोडवून द्या."

त्याने अंगणातले खडे उचलून मांडले. एक खडा तो स्वतः, एक त्याची कारभारीण. दोघे मिळून एक कोयता. तिसरा खडा दोन वर्षांचा धाकटा मुलगा, चौथा ही मुलगी. मुलगी कोपीवर धाकट्याजवळ राहते, पाणी आणते, भाकरी थापते, म्हणून आई पहाटेपासून फडात उभी राहू शकते. मुलगी गावी ठेवली तर आईला धाकट्यासाठी कोपीवर थांबावे लागेल, म्हणजे अर्धा कोयता गेला. अर्धा कोयता गेला तर उचल फिटणार नाही. उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसेल. आणि गावी मुलगी राहणार कोणाजवळ? म्हातारीला दिसत नाही. त्याने खडे पुन्हा गोळा केले आणि म्हणाला, "गुरुजी, तुमची शाळा फुकाट हाय, पर ती मला परवडत न्हाई."

मी उठून घरी आलो. त्या दिवसापर्यंत माझी समजूत होती की, मुलगी शाळेत न येणे हा बापाच्या अज्ञानाचा दोष आहे. प्रत्यक्षात तो माझ्यापेक्षा चांगला अर्थशास्त्री निघाला.

बंधु-भगिनींनो, अर्थशास्त्र हा शब्द ऐकून बिचकण्याचे कारण नाही. हे शास्त्र केवळ पैशाचे नव्हे. हातात थोडे असताना माणूस एक वस्तू घेतो व दुसरी सोडतो. जी सोडावी लागते, तीच घेतलेल्या वस्तूची खरी किंमत, एवढाच त्या शास्त्राचा पहिला धडा. शाळेत फी नसेल, पुस्तके व दुपारचा आहार मिळत असेल. तरीही मूल शाळेत बसले असताना घराला ज्या कामास मुकावे लागते, ती शाळेची किंमत असते. श्रीमंताच्या घरी ही किंमत शून्य, कारण त्याच्या मुलाच्या श्रमावाचून काहीच अडत नाही. आपल्या घरी ती किती, हे आपण रुपयांत मांडून पाहू.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन टनास सुमारे ३६६ रुपये असा दर ठरला. जोडप्याने दिवसाला दोन टन तोडला असे धरा. दोघांचे मिळून ७३२ रुपये झाले. आईला धाकट्याजवळ थांबावे लागून दिवसाला अर्धा टन कमी पडला, तर १८३ रुपये बुडाले. हंगामात कामाचे १३० दिवस धरले, तर ही रक्कम २३,७९० रुपये होते. आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. आपापल्या कोयत्याप्रमाणे प्रत्येकाने ते बदलून घ्यावेत. खाडा पडल्यास मुकादम जो दंड कापतो, तो मी यात धरलेलाच नाही. म्हणजे ज्या शाळेस सरकार विनाशुल्क म्हणते, तिच्यासाठी या घराला एका मुलीमागे सुमारे चोवीस हजार रुपये मोजावे लागतात. हे पैसे कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाहीत, कारण ते ऊसतोड्याच्या खिशातून जातात.

हिशोब असा मांडला म्हणजे उपायही वेगळा दिसू लागतो. त्या मुलीची शाळा कशामुळे अडली? धाकट्या भावामुळे. तळावर पाळणाघर असते, दोन वर्षांच्या मुलास सांभाळणारी एक बाई व दुधाची सोय असती, तर आईचा पूर्ण कोयता चालला असता आणि मुलगी मोकळी झाली असती. दहा वर्षांच्या मुलीला शिकविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग तिच्या भावाच्या पाळण्यातून जातो. हे मला शिक्षणशास्त्राच्या एकाही पुस्तकात वाचावयास मिळाले नव्हते. शाळेच्या भिंती रंगविण्यावर आणि फळ्याऐवजी पडदे लावण्यावर खर्च होताना पाहिला, की मला तो पाळणा आठवतो. पडदे वाईट आहेत असे मी म्हणत नाही. परंतु ज्या बाकावर मूलच नाही, त्याच्यासमोर पडदा लावून काय होणार?

आता कोणी म्हणेल, गुरुजी, पोटच्या लेकराच्या शिक्षणाचा असा रुपये-आण्यांत भाव करू नका. तो हक्क आहे. हक्क आहे, यात शंका नाही. संविधानाच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची दिशा आखलेली होती. २००२ च्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क झाला, २००९ मध्ये कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. परंतु हक्क कागदावर असणे आणि तो वापरणे माणसाला परवडणे यांत जे अंतर असते, ते मोजण्यासच हिशोब लागतो. आणि हे अंतर मोजावयास आपणास दुसऱ्या कोणी नव्हे, स्वतः बाबासाहेबांनी शिकविले आहे.

बाबासाहेब बॅरिस्टर होते, घटनाकार होते, बोधिसत्त्व म्हणून आपण त्यांना वंदन करतो; परंतु ते प्रथम अर्थशास्त्रज्ञ होते, याचा आपल्याला विसर पडतो. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले. लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करण्यासाठी १९२० मध्ये ते पुन्हा निघाले, तेव्हा प्राध्यापकीच्या पगारातून साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज अशी त्यांनी जुळवाजुळव केली. शिक्षणाची किंमत काय असते हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

हे बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात गेले आणि १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलण्यास उभे राहिले. चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर आठच दिवसांनी व्हावयाचा होता. त्या भाषणात त्यांनी दोन हिशोब मांडले. पहिला असा की, सरकार प्रजेच्या शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते, आणि अबकारीच्या रूपाने, म्हणजे दारूवरील करातून, त्याच प्रजेकडून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे अबकारीतून घेता, तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. त्यांनी सरकारच्या दयाबुद्धीस आवाहन केले नाही. जमा कोठून येते व खर्च कोणावर होतो, हे दोन रकाने शेजारी शेजारी ठेवले आणि सभागृहास ते वाचावयास लावले.

ही रीत बाबासाहेबांच्याही आधीची आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी हाच प्रश्न विचारला होता. सरकारचा बहुतेक महसूल रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून शिकतात मात्र वरच्या वर्गातील मुले, हे कोणत्या न्यायाने? ज्या सावित्रीबाईंना त्यांनी शिकविले, त्यांनी अध्यापनाचे काही शिक्षण आपल्याच नगर शहरात फॅरार बाईंच्या शाळेत घेतले होते; म्हणजे या विषयाशी आपल्या जिल्ह्याचे नाते जुने आहे.

बाबासाहेबांचा दुसरा हिशोब मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात, असे त्यांनी सभागृहास दाखविले. सरकार शाळेत किती मुले आली ते मोजत होते. बाबासाहेबांनी लिहिता-वाचता होऊन किती बाहेर पडली ते मोजले. मूल शाळेत आले ही कमाई नव्हे. ते साक्षर होऊन बाहेर पडले आणि आयुष्यभर साक्षर राहिले, तरच त्याच्यावर केलेला खर्च कारणी लागला, हा त्यातील आशय.

माझ्या वर्गातील ती मुलगी पटावर होती. तिचे नाव कधीही कमी झाले नाही. एप्रिलमध्ये ती परतली की वरच्या वर्गात जाई, कारण कोणास मागे ठेवावयाचे नाही असा नियम होता. हजेरीपुस्तकाच्या हिशोबाने ती शिकत होती. बाबासाहेबांच्या हिशोबाने ती त्या ८२ मध्ये होती. आपल्या तालुक्यात शंभर टक्के पटनोंदणी झाली असे कोणी सांगेल, तेव्हा उपासकांनी नम्रपणे एवढेच विचारावे की, माघ महिन्यात बाकावर किती होती?

येथवर कुटुंबाचा व सरकारचा हिशोब झाला. तिसरा हिशोब उसाचा. आपला जिल्हा, पूर्वीचा अहमदनगर व आताचा अहिल्यानगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. त्याच्या उत्तरेस प्रवरा-गोदावरीचे पाणी, दक्षिणेस कुसळे. उत्तरेत लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९५०–५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. एकट्या शेतकऱ्यास जे भांडवल उभे करता येत नाही ते हजारांनी मिळून उभे करता येते, हा अर्थविचार तेथे प्रत्यक्षात आला, आणि साखरेच्या मागोमाग त्या भागात शाळा, महाविद्यालये, अभियांत्रिकीचे व वैद्यकाचे शिक्षणही आले. त्याचे श्रेय नाकारण्याचा कोतेपणा आपण करू नये. परंतु ज्या उसाने त्या शाळा उभ्या राहिल्या, तो ऊस तोडणाऱ्याचे मूल त्याच शाळेच्या कुंपणाबाहेर वाढ्याच्या पेंढ्या बांधीत बसलेले असते. उसाने मालकाच्या मुलास डॉक्टर केले. तोडणाऱ्याच्या मुलाच्या हाती कोयताच राहिला.

याच उसाच्या मुलखात, श्रीरामपूरजवळ हरेगाव येथे, १६ डिसेंबर १९३९ रोजी महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष होते. वतन म्हणजे काय होते? तुटपुंजी जमीन व मूठभर बलुते यांच्या मोबदल्यात सबंध घर गावाच्या व सरकारच्या दारी बांधलेले. वतनदार घरी नसला तर घरातील दुसऱ्यास राबावे लागे. बाबासाहेबांनी १९२८ पासून या गुलामीविरुद्ध कौन्सिलात विधेयक लढविले. वतने नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर झाला. वतन गेले. आता उचलीकडे पाहा. पैसे अगोदर हातात पडतात, आणि बाप घेतो ती उचल फेडावयास आई, मुलगी, कधी म्हातारा आजादेखील लागतो. वतनास कायदा होता, उचलीस कागदही नसतो, एवढा फरक. आपल्या वाडवडिलांनी जी बेडी तोडली, तिच्याशी हिचे तोंड किती जुळते, याचा प्रत्येकाने घरी विचार करावा.

बाबासाहेबांनी अबकारीसंबंधी जे तत्त्व मांडले, ते उसास लावून पाहण्यासारखे आहे. ज्या धंद्यात श्रम घेतला, त्या धंद्यातून श्रमिकाच्या मुलाच्या शिक्षणाचा पैसा निघाला पाहिजे. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने हे तत्त्व, निदान कागदावर, मान्य केले. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या टनामागे १० रुपये द्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी, असे ठरले. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे त्यातून एक कोटी होतात, शासनाचे धरून दोन कोटी. त्याच वर्षी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेखाली ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे, प्रत्येकी १०० मुलांची, मंजूर झाली आणि पहिल्या टप्प्यात आपला पाथर्डी व जामखेड हे तालुके घेतले गेले. बेरीज केली तर ८,२०० मुलांची ही सोय होते. ऊसतोड्यांच्या साऱ्या मुलांना ती पुरणारी नाही; तथापि हा पैसा भिक्षा नसून आपल्याच कोयत्याखाली पडलेल्या उसाच्या प्रत्येक टनाचा आहे, एवढे ज्यास समजले तो वसतिगृहाच्या दारात हात जोडून उभा राहणार नाही. तो विचारील की, यंदा किती टन गाळप झाले, किती रक्कम जमा झाली, कितीजण राहिले.

गावातल्या गावात चालणारी हंगामी वसतिगृहेही आहेत. आई-बाप गेल्यावर मूल आजीजवळ राहते व त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळेकडून होते. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते, कारण ज्या म्हातारीला दिसत नाही, तिच्या चुलीचा प्रश्न ती सोडविते. परंतु तिला एक अट आहे, आणि ती अट वेळेची आहे. उचल घेतली जाते आषाढ-श्रावणात. मुलाचे काय करावयाचे याचा निर्णय बाप तेव्हाच मनाशी करून टाकतो, कारण किती टन तोडता येईल हे घरात किती हात आहेत त्यावर ठरते. वसतिगृह जर दिवाळीनंतर उघडले, तर ते टोळी गेल्यावर उघडले. औषध चांगले, पण रोगी गाव सोडून गेलेला! म्हणून आपली मागणी अशी असली पाहिजे की, या मुलाची यंदाची सोय झाली आहे असे लेखी आश्वासन जून महिन्यात, शाळा उघडते त्याच आठवड्यात, आई-बापाच्या हाती पडावे. यास एक पैसाही जास्त लागत नाही.

पैशासंबंधी आणखी एक गोष्ट सांगून मी आपल्या घराकडे वळतो. १९९२ पासून मागास वर्गांतील पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत येण्याबद्दल दररोज १ रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना महाराष्ट्रात सुरू झाली. कल्पना उत्तम होती. मुलीच्या दिवसाची किंमत घराला भरून द्यावी, हा तिचा पाया. परंतु तीस वर्षे उलटल्यावरही तो रुपया रुपयाच होता. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये 'रुपयाचा प्रश्न' या ग्रंथात प्रतिपादन केले की, रुपयाची किंमत म्हणजे त्या रुपयात काय विकत मिळते ती, आणि भाव चढले की ठरावीक पैशावर जगणाऱ्या गरिबाची मजुरी न कापताही कापली जाते. ज्या रुपयास १९९२ मध्ये काही मोल होते, त्यास आज काडेपेटी येणे कठीण. योजना बंद न करताही ती कशी मारावी, याचे हे उदाहरण. शिष्यवृत्ती असो, आहाराचा दर असो, भावाबरोबर वाढण्याची तरतूद नसेल तर ती दरवर्षी घटत असते, हे आपल्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

आता आपले घर. सरकारकडे दोन रकाने मागावयाचे आणि आपल्या घरात एकही ठेवावयाचा नाही, हे बाबासाहेबांच्या अनुयायांस शोभत नाही. मी आरंभी म्हणालो की भगवंतांनी हिशोब वर्ज्य मानला नाही. सिगालोवाद सुत्तात त्यांनी गृहस्थास मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहेत: एक उपभोगास, दोन धंद्यास आणि एक अडचणीच्या काळासाठी राखून. मुलास विद्या-कला शिकविणे हे आई-बापांच्या कर्तव्यांत त्यांनी तेथेच घातले आहे, आणि धन्याने कामकऱ्यास त्याच्या शक्तीप्रमाणेच काम द्यावे असेही तेथेच आहे. मद्यपानाचे जे सहा तोटे सांगितले, त्यांत पहिला धनाचा नाश हा आहे. कूटदंत सुत्तातील पुरोहित राजास सांगतो की, चोरांना फाशी देऊन व दंड करून राज्य निर्भय होणार नाही. शेतकऱ्यास बी-बियाणे दे, व्यापाऱ्यास भांडवल दे, नोकरास वेतन दे. राजाने तसे केले, आणि लोक लेकरांना कडेवर नाचवीत, दारे उघडी टाकून राहू लागले असे वर्णन आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी इतका स्वच्छ अर्थविचार ज्या धम्मात आहे, तो आपण स्वीकारला आहे.

मग मला सांगा, उचल कशासाठी घेतली जाते? औषधपाण्यासाठी घेणाऱ्यास मी दोष देत नाही. दुष्काळात बी मोडले म्हणून घेणाऱ्यासही नाही. परंतु लग्नासाठी किती घेतली जाते? बौद्ध पद्धतीच्या विवाहास तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा, फुले, मेणबत्ती आणि पाच-पन्नास आप्त एवढे पुरते. त्याला वाजंत्री, मांडव, दोन हजार पाने यांची जोड देऊन आपण जो खर्च करतो, तो मुलीच्या धाकट्या भावंडांच्या शाळेतून वजा होतो. मघाच्या हिशोबाने चोवीस हजार म्हणजे एका मुलीचे एक शाळेचे वर्ष. एक लाखाच्या लग्नात अशी चार वर्षे जळतात. आणि दारू? बावीस प्रतिज्ञांपैकी एक प्रतिज्ञा तिच्याविषयी आहे, ती सर्वांनी माझ्यासमोर घेतलेली आहे. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी सरकारला जो प्रश्न विचारला, तोच मी प्रत्येक घरच्या कारभाऱ्यास विचारतो: गेल्या हंगामात गुत्त्यावर किती गेले आणि वहीपेन्सिलीवर किती? उत्तर मला नको. ते कारभारणीला द्यावे.

नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांसाठी एक वेगळा शब्द. आपल्यात अजून असे भय आढळते की, धर्म बौद्ध लावला तर मुलांच्या सवलती जातील. या भयाला इतिहास आहे. १९५६ नंतर आपल्या वडीलधाऱ्यांनी केंद्र सरकारच्या सवलतींना खरोखरच मुकून धम्म पाळला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना मिळाल्या; केंद्राचा कायदा बदलून अनुसूचित जातींत बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे त्यांनी ही किंमत मोजली, आणि धम्म सोडला नाही. आपणास ती मोजावी लागत नाही. शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहे आहेत, दहावीनंतर वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. मात्र या साऱ्याचे दार एका दाखल्याने उघडते, आणि त्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातील जन्माची नोंद, जे असेल ते पत्र्याच्या पेटीत ठेवू नका, त्याची प्रत काढून विहारात ठेवा. तहसील कचेरीच्या तीन खेपा म्हणजे तीन दिवसांची मजुरी. म्हणून हे काम पावसाळ्यात, टोळी गावी असताना उरकावे. बारावीच्या निकालानंतर धावाधाव केली तर जागा जाते.

बाबासाहेबांनी जून १९४६ मध्ये मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळच्या वर्गांची सोय केली. मुलाने नोकरी सोडून शाळेकडे यावे असे त्यांनी म्हटले नाही. शाळेची वेळ त्यांनी मुलाच्या पोटाकडे सरकविली. या एका उदाहरणात माझे सारे भाषण आले. आपल्या विहाराकडून काय होऊ शकेल, हे मी त्याच दृष्टीने पाहतो. विहार दिवसभर रिकामा असतो. आई-बाप गेलेल्या मुलांना संध्याकाळी येथे दोन तास बसविण्यास दिवा व सतरंजी पुरे. शिकविण्यास मी आहे, आणि या वस्तीतील दोन मुली महाविद्यालयात जातात, त्यांनी होकार दिला आहे. ज्यांना मूल बरोबर नेणे भागच आहे, त्यांनी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घेतल्याशिवाय गाडीत बसू नये. कारखान्याजवळच्या शाळेस ते मूल कोणत्याही दिवशी दाखल करून घ्यावे लागते, दाखला नाही ही सबब कायद्यास मान्य नाही. आणि तळावर पाळणाघर द्यावे, असा अर्ज आपण साखर आयुक्तांच्या नावे लिहिला आहे. त्यावर आपल्या जातीच्याच नव्हे, टोळीतील सर्व जातींच्या आयांचे अंगठे व सह्या हव्यात. पाळण्याला जात नसते.

ती मुलगी पुढे शिकली नाही. तिचे लग्न लवकर झाले आणि आता ती स्वतः कोयत्यावर जाते. तिची थोरली मुलगी यंदा चौथीला आहे, आणि मायलेकी दोघीही या सभेत बसल्या आहेत. काल ती मला म्हणाली, "गुरुजी, म्या हिशेब केला, औंदा हिला ठेवते, पर धाकलीचं काय करू ते सांगा." धाकटी दीड वर्षाची आहे. या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ एकट्याजवळ नाही. तिची चुलती गावी राहणार आहे. तिची दिवसाची मजुरी हंगामभर आपण दहा घरांनी वाटून घेतली, तर प्रत्येकास किती पडते, ते मी कागदावर मांडून आणले आहे.

वंदना झाल्यावर दाराजवळच्या मेजावर तो कागद, पाळणाघराचा अर्ज आणि हंगामी वसतिगृहाच्या नावांची वही ठेवली आहे. ज्यांच्या गाड्या येत्या सोमवारी निघणार आहेत, त्यांनी आधी यावे.

जय भीम.